कलम सात

वाचनालयात छपाईला पानामागे वीस पेन्स पडतात.
रात्रपाळी संपवून थेट आलो होतो,
दोनदा हात धुतले, तरी फॉर्मला हॅडॉकचा वास.
शेजारच्या बाईंनी खुर्ची सरकवली.
बरोबरच आहे त्यांचं.

तुमचे वकील: इथे मी रेघ ओढली.
तुम्ही कोर्टाकडे काय मागता?
चौकट तळहाताएवढी.
मी लिहिलं, कोणीतरी नेलशी बोलावं.

मदतकक्षातली मर्टल चष्म्यावरून बघत म्हणाली,
असं नाही, थॅक्रे.
कलम सात अन्वये मुलीच्या कल्याणाचा अहवाल मागवावा, असं लिही.
लिहिलं.
उसना कोट घालून लग्नाला गेल्यासारखं वाटलं,
बाह्या बोटांपर्यंत.

कारणे.
तिची आई म्हणते, नेल तुझ्याकडे यायला घाबरते.
मी म्हणतो, खोटं.
दोन वर्षं आम्ही दोघं नेलच्या तोंडून भांडतोय
आणि नेल, वय सात, तिला कोणी विचारलेलं नाही.
चौकटीत मावलं ते एवढंच:
उभय पक्षांच्या कथनात तफावत आहे.

त्या रात्री पट्ट्यावरून मासे येत राहिले,
उघड्या डोळ्यांचे, एकामागून एक,
आणि सुरी हातात तशीच राहिली.
एक अनोळखी बाई घरी येणार.
फ्रीज उघडणार, गादी दाबून बघणार,
मी हसलो तर का हसलो ते लिहून घेणार.
हे मीच मागितलंय,
खाली सही करून, फी माफ करून घेऊन.

पलीकडच्या वकिलाकडे चाकांची बॅग,
माझ्याकडे दुकानाची पिशवी.
जज्जबाई म्हणाल्या, मिस्टर थॅक्रे,
अहवाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो. समजतंय ना?
हो म्हणालो.
बारा आठवडे, त्या म्हणाल्या.

घर घासून काढलं.
न्हाणीतला कोळी तेवढा ठेवला.
नेलनेच त्याचं नाव ठेवलं होतं, मिस्टर पार्किन,
मला वाटायचं, लाडका आहे तिचा.

अहवाल आला, एकोणीस पानांचा.
बसथांब्यावर उभ्याउभ्याच वाचला.
परिच्छेद तेवीस: नेलने सांगितले की
बाबाकडे न्हाणीत कोळी आहे, तिला त्याची फार भीती वाटते.
नाव ठेवलं की भीती कमी होते असं तिला वाटलं होतं.
झाली नाही.
बाबाला सांगितलं नाही, कारण बाबाला तो आवडतो.

म्हणजे तिची आई खोटं बोलत नव्हती.

माझी बस येऊन गेली.
चालतच घरी आलो, काचेचा पेला घेतला
आणि खाली सरकवायला कोर्टाचं पाकीट.
मिस्टर पार्किनना मागच्या भिंतीवर सोडलं,
तिथे ते बराच वेळ हलले नाहीत.

शिफारशी शेवटच्या पानावर होत्या.
त्या नंतर वाचल्या.