पुरवणी जबाब

मी, माइरे कास्क, वय अडतीस, धंदा पोलीस,
राहणार सारेमा बेट, दगडी कुंपणापलीकडचं तिसरं घर,
समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

विचारलं कुणीच नाही.
रात्रपाळी आहे, हीटर खरखरतोय,
आणि मूळ जबाबात मी खोटं लिहिलंय.

मूळ जबाब असा:
साल्मेबाईंच्या गोठ्यात रात्री अकरा मेंढ्या होत्या,
उजाडलं तेव्हा नऊ.
बर्फावर ठसे. चार पायांचे, खोल, घाई नसलेले,
ज्युनिपरच्या झुडपांकडे गेलेले.
पुढे वाऱ्याने पुसले. सबब माग लागला नाही.

वारा नव्हता त्या रात्री.

झुडपांपाशी बर्फ विसकटला होता,
अंथरुणात कुणी रात्रभर तळमळावं तसा.
तिथून पुढे दोनच पाय. अनवाणी. माणसाचे.
डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब.
हे बोट मी ओळखते.
थंडीत ते माझ्या पोटरीला टेकलेलं असतं.

मुरी, आमचा कुत्रा, सात वर्षं नोकरी, दोन पदकं,
त्या मागावर नाक लावून मटकन खाली बसला.
माझ्याकडे बघितलं त्याने:
घरातली गोष्ट दिसतेय, तुमचं तुम्ही बघा.

मग मी सरकारी बुटांनी
त्या ठशांवरून चालत गेले,
एकेकावर नीट पाय देत.
शेवटची सात पावलं माझ्याच अंगणात होती.
तीही चालले.

रैवो फेरीबोटीवर मेकॅनिक आहे.
महिन्यातले सत्तावीस दिवस त्याच्या अंगाला डिझेलचा वास येतो.
उरलेल्या पहाटे तो दार वाजवत नाही, खरवडतो.
किल्ली असते त्याच्याकडे,
पण बोटं अजून सरळ झालेली नसतात.
लांडगा आला रे आला, असं ओरडायचं असतं म्हणे अशा वेळी.
मी कडी काढते.

केसांत ज्युनिपरच्या सुया, दातांत लोकर,
आणि डोळे. परत यायला डोळ्यांनाच सगळ्यात उशीर लागतो.
तोवर मी काळ्या पावाचा तुकडा पुढे करते.
तो आधी माझा हात हुंगतो,
मनगट, नस, बाहीवरचा सरकारी बिल्ला,
मग पाव घेतो.
इतकं तपासून मला कुणी आपलं म्हटलं नव्हतं.
पहिल्या नवऱ्याने तर नाहीच.

अडचण साल्मेबाईंची होती.
भरपाईच्या अर्जात तीन चौकोन: लांडगा, कुत्रा, इतर.
लांडगा लिहावं, तर रविवारी शिकारी येणार,
बंदुका आणि गरम कॉफीचे थर्मास घेऊन.
कुत्रा लिहावं, तर म्हातारीच्या दोन मेंढ्या बुडाल्या.
आणि 'इतर'पुढे कंसात: तपशील द्या, दोन ओळींत.
दोन ओळी!
पेन तिथेच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

काल बाई स्वतःच ठाण्यात आल्या.
टेबलावर लोकरीच्या मोज्यांचा जोड ठेवला. पुरुषी मापाचा.
डाव्या मोज्यात दुसऱ्या बोटापुरती जागा जास्त सोडलेली.
"बर्फात अनवाणी हिंडतं," म्हणाल्या, "भेगा पडतील."
अर्ज मागून घेतला, चार घड्या घातल्या,
शेगडीचं झाकण उघडून आत टाकला.
"आमच्या ह्यांच्या वेळी मी कोल्हा सांगितला होता.
मानला सगळ्यांनी."
आणि मुरीला थोपटून निघून गेल्या.

येणेप्रमाणे जबाब माझा मी लिहिला,
वाचून पाहिला, बरोबर आहे.
कोणत्या फायलीला जोडायचा ते ठरलेलं नाही.
मोजे दारामागे टांगलेत, हाताला लागतील असे.
पौर्णिमेला चार दिवस आहेत.
त्या रात्रीच्या रजेचा अर्ज मात्र टाकलाय.
कारण: घरगुती.