नव्याण्णव पॉइंट सहा

माझ्या तळहाताला ताप कळत नाही.
अकरा वर्षं काजी फोडते वेंगुर्ल्याच्या फॅक्टरीत,
टरफलातल्या तेलाने कातडं आधी जळलं,
मग सोललं, मग चपलेसारखं झालं.
चुलीवरचा टोप आता फडक्याशिवाय उतरवते,
आणि मुलीच्या कपाळावर हात ठेवला
तर कपाळ आहे, एवढंच समजतं.

म्हणून ओठ टेकते.
सकाळी सहाला टेकले.
वाटलं, आहे.
मग वाटलं, पांघरुणाची ऊब असेल.

कुंपणावरून फिलूमावशीला हाक मारली.
ती नुकतीच बंदरावरून आलेली,
बर्फातले बांगडे उपसून बोटं गारठलेली.
"गो बाय, भट्टी पेटलीहा हिच्या अंगात!"
मग माझं कपाळ चाचपलं,
"तुझ्या पण."

थर्मामीटर म्हणाला, नव्याण्णव पॉइंट सहा.
ना धड ताप, ना धड बरं.
भरती थांबली, ओहोटी लागली नाही,
त्या मधल्या पाण्यासारखा आकडा.
होडी काढायची की नाही, तुमचं तुम्ही बघा.

मागच्या आठवड्यात दोन खाडे झाले, तिच्या पोटापायी.
तिसऱ्याला कुबल काही बोलत नाही,
नुसतं वहीवर पेन आडवं ठेवून बघतो.
किलोमागे पैसे. किलो नाही तर पैसे नाहीत.
यात त्याचंही काही चुकत नाही.

"आई, माका बरा वाटता," दुर्वा अंथरुणातून म्हणाली,
"आज घंटा वाजवची पाळी माझी आसा."
आणि शिंकली.

फळीवर बाटली होती.
गुलाबी औषध, टोपणाला पाचची रेघ.
आम्ही सगळ्याच करतो हे, बोलत कुणी नाही:
सातला पाजायचं, नऊला अंग निवतं,
अंगणवाडीच्या दारात बाईंच्या हाताला पोर गार लागतं,
बारापर्यंत निभतं.
बारानंतर बाईंचा फोन येतो,
तेव्हा हात तेलात आहेत म्हणून उचलायचा नाही.

गणपतीनंतर खोबरेकरांचा मुलगा असाच आलेला,
तोंडाला गुलाबी वास.
शुक्रवारपर्यंत चौदा पोरं आडवी,
रेडकरबाई स्वतः, आणि बाईंचं तान्हं.
दुर्वा सहा दिवस.
तेव्हा विहिरीवर मी त्या आईला काय काय बोलले
ते इथे लिहीत नाही.
तिचा नवरा ट्रॉलरवर, सासू अंथरुणात,
हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

टोपण भरलं. रेघेवर औषध थरथरलं.
पाजलं.
वेणी घातली, डबा भरला,
आणि निघालो.
चिंचेपर्यंत गेलो.
तिथे तिने माझा हात सोडला.
"आई, वायच बसू?"
हिला बसायला कधी आवडत नाही.

परतलो.
कुबलला फोन केला. "बरं," म्हणाला.
त्या 'बरं'चं वजन करत बसले दहापर्यंत.

दहाला ही परसात, कोंबड्यांच्या मागे!
पेज प्यायली, वर खारातली मिरची मागितली,
जांभ्याच्या पायरीवरून तीन उड्या.
अंग गार. औषधाने की आपसूक, देव जाणे.
खरं सांगते, आनंद नाही झाला मला.
आख्ख्या दिवसाची मजुरी अंगणात नाचताना दिसली.
ओरडले, आजारी आहेस ना?
मग आजाऱ्यासारखी पड की!

ती पडली. लगेच. डोळे घट्ट मिटून,
पाय तेवढे हलत होते.

मग मीच उठून पितळी ताट आणि पळी दिली.
वाजव.
तिने शाळा भरवली, कोंबड्यांची हजेरी घेतली,
काळीला दारातच अडवलं:
"तुझा नाक गळता. तू घराक जा."
काळी गेली नाही.

रात्री ती झोपल्यावर पुन्हा ओठ टेकले.
काहीच कळलं नाही.
उद्याचं उद्या, सहाला.
दिवा घालवला,
आणि अंधारात चाचपत
आणखी एकदा टेकले.