तीन दोऱ्या

कॅम्प सोडून जाताना साहेबांनी
तीन रिळं माझ्या हातात टाकली.
एक दोरी तरती, कोयीसारखी पिवळट,
एक सावकाश बुडणारी, शेवाळी,
एक काळी, शिशाच्या पोटाची.
"पाणी बघून निवड," म्हणाले. एवढंच.

आता हिडकलच्या पाण्यात
ट्रकच्या ट्यूबमध्ये बसलोय.
ट्यूबला चार ठिगळं, सगळी हुक्केरीच्या पंक्चरवाल्याची.
पाय खाली गारठलेत, बेडकासारखे हलवतोय.
नदी निदान बोलते,
मासा कुठल्या दगडाआड आहे ते सांगते.
हे पाणी तोंड उघडत नाही.

पिवळी टाकली.
कोंबड्याच्या पिसाची माशी
वरच बसून राहिली, पाहुणीसारखी.

शेजारच्या ट्यूबमधून लगमाण्णा म्हणाला,
"गाळ खाली सोड की!"
त्याच्या कन्नडात गाळ म्हणजे गळ,
माझ्या मराठीत तळाचा चिखल.
काळी दोरी सोडली, मोजत बसलो.
बाराला दोन्ही अर्थ एकदम लागले:
गळ चिखलात.

तो हसला नाही.
त्याच्याकडे साधा तंगूस,
टोकाला सायकलचा नट,
आणि पिशवीत दोन मासे, अजून तडफडणारे.
"एळु," बोटं दाखवून म्हणाला. "साताला ओढ.
वर ऊन, खाली घाण.
तो तरी कुठं राहणार?"

शेवाळी दोरी काठीच्या कड्यांतून ओवली.
साहेबांनी हिलाच गाठ मारली नव्हती,
हे तेव्हा दिसलं.
एक, दोन, मूरु, चार,

सातापर्यंत पोचलोच नाही.
दोरी ताठ झाली
आणि ट्यूब, माझ्यासकट,
हळूच वळली
भिंतीकडे.