टवका

बेंबळेच्या काठचा खड्डा. मातीची टिकली,
रोमी नाण्यावरून उठवलेली. कडेला अक्षरं,
एका जागी टवका.

क्राकूवहून यादविगाबाई लिहितात, तिथं एस असावा.
थेसालोनिकीचे स्टाव्रोस : घडवणाऱ्याला लॅटिन येतच नव्हतं,
गिरवलंय नुसतं, पहिलीतल्या पोरासारखं.
मी दोघांना रात्री उत्तरं देतो, लाइन असली तर.
अकरा महिने
एक अक्षर तीन गावांत जागं.

आज घमेलं ठेवून कौतिकाबाई वाकली.
"टवका नाही जी, भोक हाय थे. दोऱ्यानं काठ तुटला.
पोरीच्या गयात असंन."

कळवलं.
यादविगाबाईंचं लगेच : त्यांचं नाव पाठवा, लेखात हवं.

विचारलं, तर पदराआड हसली,
"कोनतं सांगू? माहेरचं का इकडचं?"