एकदाच

बोरा बाजारात जिग्नेशनं कॅमेरा काउंटरवर ठेवला
आणि त्याखाली आधी स्वतःचा रुमाल अंथरला.
म्हणाला, पावणेदोन लाख. बस्स. एकदाच.

एकदाच.
मग कार्डं. टेपचं बरं होतं,
लग्न लागलं, टेप भरली, पाठीवर नावं लिहिली
आणि कपाटात.
कार्ड महाग, म्हणून त्याच रात्री रिकामं करायचं,
रिकामं कुठं करायचं, तर डिस्कमध्ये,
आणि डिस्क मेली तर? म्हणून तिची जुळी बहीण.

जुना कॉम्प्युटर चार फ्रेम चालायचा
आणि जिन्यात दम खाणाऱ्या माणसासारखा थांबायचा.
नवा आणला. तो तापायचा.
कांजूरच्या आमच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात
माझ्यासाठी कधी आला नाही, तो एसी त्याच्यासाठी आला.
कुंदा विजेचं बिल उजेडाकडे धरून म्हणाली,
लग्न त्यांचं, रोषणाई आपल्या मीटरवर?

आणि इतकं करून गिऱ्हाईक म्हणायचं,
डीव्हीडीच द्या हो, घरी जुनाच टीव्ही आहे.

पण हे सगळं वहीत आहे. तारखेसकट.

वहीत नाही ते असं की
हॉलच्या भिंतीचे पोपडे दिसू लागले,
मखराच्या थर्माकोलमधल्या टाचण्या,
भटजींच्या उपरण्यावरचा चहा.
नलू कारेकर वीस वर्षं नवऱ्या सजवायची,
पडद्यावर स्वतःचं काम बघून गप्प झाली.
पूर्वी नवरी दिसायची रे, म्हणाली, आता पावडर दिसते.
पुढच्या सीझनला मी तिला फोन केला नाही.
तिनंही केला नाही.

चेंदवणकरांचं लग्न. मुलुंड. रात्रीचे दोन.
नवरीची आई जावयाचे पाय धुवायला वाकली
आणि मंगळसूत्र पुढं आलं, झोका खात, थेट भिंगासमोर.
टेपच्या काळात ते नुसतं पिवळं असायचं.
पिवळं म्हणजे सोनं, एवढाच हिशेब होता.
आता वाटीच्या कडेचं पाणी उडालेलं दिसलं,
आतलं तांबूस पितळ,
मण्यांमधली दोऱ्याची गाठ.
शेजारी मुलगी. तिच्या गळ्यातलं सगळं खरं.
मी दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं
आणि पाहायला नको होतं असं झालं.

चार मिनिटं दहा सेकंद ती वाकलेली.
सेकंदाला पंचवीस चौकटी.
सव्वासहा हजार.
कुठं हात आड येतो, कुठं पदर,
तेवढ्या सोडून प्रत्येकीत
त्या वाटीभोवती मी थोडं धुकं ठेवत गेलो.
रूपेश दुधाच्या पिशव्या घेऊन आला तेव्हाही तेच चाललं होतं.
अहो, फोकस गेल्यासारखं वाटेल, म्हणाला.
वाटू दे.

बिल केलं. शूटिंग, एडिटिंग, तीन कॉप्या, अल्बम.
धुक्याला काय लावायचं ते सुचलं नाही.

चेंदवणकरबाई स्वतः आल्या घ्यायला.
शंभराच्या नोटा दोनदा मोजल्या.
सगळं नीट दिसतंय ना, विचारलं.
म्हटलं, एकदम स्वच्छ. नवा कॅमेरा आहे.
पदर गळ्याशी ओढून घेत त्या म्हणाल्या,
स्वच्छ म्हणजे किती?

आठवड्यानं विहीणबाईंचा फोन.
पाय धुताना मध्येच अंधुक झालंय की हो,
एवढा महागाचा कॅमेरा म्हणून सांगितलंत.
म्हटलं, हो, चुकलं माझं. हात हलला.
त्यांच्या भाच्याचं होतं मार्गशीर्षात.
ते काम घाटकोपरच्या कुणाला तरी गेलं.

हप्ता पाच तारखेला जातो.
अजून एकवीस आहेत.