किती आटे आत

उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत
लाईट गेली की लेथ फिरत फिरत थकतो,
आणि शेजारच्या फौंड्रीतल्या वाळूचा वास
आत येऊन स्टुलावर बसतो.

बाबालाल मिस्त्री तेवढ्यात फिटिंग हातात घेतात.
पाव इंची. ऊसतोडणीच्या यंत्राचं, कागलहून आलेलं.
ड्रायव्हर म्हणतो, कितीदा आवळलं,
पान्याला पाईप लावून आवळलं,
तरी गळतंयच.

मिस्त्री चिंधीनं पुसतात, दाराच्या उजेडाला धरतात.
घासून चकचकीत झालेले अडीच आटे.
बाकीचे काळे, कोरे,
कधी आत गेलेच नव्हते.

"नुसतं आवळून काय हुतंय?
आत किती गेलंय ते बघितलास काय?"

मग माझ्याकडे वळतात.
पोलादात जेवढी जाडी तेवढी खोली,
बिडात दीडपट,
ॲल्युमिनियम मऊ, त्याला दुप्पट द्यायची.
मी आयटीआयची वही काढते तर म्हणतात,
लिहू नको. बोटाला सांग.

आणि वीस दिले तर?

"वीस दे, पन्नास दे.
वजन पहिला उचलतोय.
दुसरा हात लावतोय, तिसरा जरासा.
सातव्याच्या पुढचे नुसते हजेरीला."

डावा तळवा उलटा करून दाखवतात.
सुईच्या टोकाएवढा डाग.
असंच दोन आट्यांवर धरलेलं एक फिटिंग,
दोनशे बारचं तेल,
गळती कुठं आहे म्हणून चाचपायला गेलेला हात.
कोपरापर्यंत चिरावा लागला.
करंगळी तेव्हापासून वाकत नाही;
चहाचा कप धरताना ती एकटीच बाहेर राहते.
दोन वर्षं मला वाटत होतं, ऐट आहे.

लाईट आली.
ब्लॉकात कुणीतरी घाईत सोडलेलं भोक
मी टॅपनं पुढं नेलं,
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
कीस झटकत, तेलाचा थेंब सोडत.
फिटिंग हातानं बसवलं, मोजत गेले,
मग पाना, बेतानं.
काटा अडीचशेवर गेला, थांबला.
सांध्याशी हात नाही, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा धरला.
पुठ्ठा कोरडा.

ड्रायव्हरनं विचारलं, किती झाले?
मी म्हणाले, नऊ.

तो शंभराच्या नोटा मोजू लागला.
मिस्त्री करंगळी बाहेर ठेवून
चहा पीत राहिले.