धोटा चार बोटं सरकतो तोवर

वडगावच्या आमच्या गल्लीत
रात्री दहाला यंत्रमाग थांबतात,
भिंती मात्र अजून थोडा वेळ थरथरत राहतात.
त्या थरथरीतच मी आलेख उघडते.

समुद्रापलीकडे कुठेतरी फोडलेल्या केंद्रकांचे तुकडे
माझ्यापर्यंत नुसते आकडे होऊन येतात.
लिथियम-अकरा.
तीन प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन,
आणि त्या आठांतले दोन घराबाहेर,
अंगणात म्हणावं तर अंगणाच्याही पलीकडे,
तरी घरचेच.

हुक्केरीहून शिवलीला फोनवर कानडीत विचारते,
शिखर किती रुंद आलं?
मी मराठीत सांगते, अरुंद.
मग दोघीही गप्प.
शिखर जेवढं अरुंद तेवढं ते घर पसरट;
संवेग नेमका कळला
की ठिकाण हातचं सुटतं.
गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिणाऱ्यांना
हे वेगळं शिकवावं लागत नाही.

अण्णा कांड्या भरत बसलेले.
"किती टिकतंय गा तुझं ते?"
सेकंदाचे हजार भाग करा,
त्यातले नऊसुद्धा नाहीत,
तेवढ्यात निम्मे संपतात.
त्यांनी डोळे मिटले, बोटं हवेत सरकवली.
"म्हंजे धोटा चार बोटं जातोय तोवर."
मी गणकयंत्रावर पडताळलं.
चारच बोटं.

मग त्यांच्याकडून सुताची तीन कडी करून घेतली,
एकावरून, दुसऱ्याखालून,
अशी की कुठलीही दोन एकमेकांत अडकलेली नाहीत
आणि तिन्ही सुटत नाहीत.
"गाठ कुठाय?"
गाठ नाही.
"गाठ नाही आणि धरतंय?"
लाल कडं मी कात्रीनं तोडलं.
पांढरं आणि हिरवं
काही भांडण नसल्यासारखी
फरशीवर वेगवेगळी पडली.

"आणि अजून एक घातला तर? बारावा?"
ठिबकतो, अण्णा.
तिथं आमची एक रेषा आहे.
"कुणी आखली?"
नकाशावर आम्हीच.
त्याला ती दिसत नाही.
त्याला फक्त
कुणी धरत नाही.

ते काही बोलले नाहीत.
बाराच्या सुमाराला वीज गेली,
पडद्यावरचं शिखर डोळ्यांत थोडा वेळ राहिलं,
मग तेही गेलं.

सकाळी मागाच्या खिळ्याला
तिन्ही कडी परत ओवून टांगलेली.
लाल सूत जोडलं होतं त्यांनी, विणकरी गाठीनं.
अंगठ्याच्या नखानं मी ते
दोनदा फिरवून पाहिलं.
कुठे तुटलं होतं
ते सापडलं नाही.